पुढचं विमान

"तुम्ही पोचेपर्यंत मशीन चालू ठेवणार आहेत," कॅप्टन देऊस्कर म्हणाले. "तेवढं मी इस्पितळाकडून कबूल करून घेतलंय."

"आणि मी पोचल्यावर?"

जहाज कंपनीच्या त्या मुंबईतल्या ऑफिसात एका भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावलेला होता. कॅप्टन उठून नकाशापाशी गेले, एक बोट मुंबईवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट पार खाली, दक्षिण अमेरिका निमुळती होत जिथे संपते तिथे टेकवलं. त्यांचे दोन्ही हात पुरते ताणले गेले होते.

"हे पुन्ता अरेनास. मुंबई ते दुबई तीन तास. दुबईहून साव पावलो पंधरा तास. तिथून सांतियागो चार, आणि सांतियागोहून खाली साडेतीन. मधले थांबे धरले तर दोन दिवस सहज जातात. एकोणीस हजार किलोमीटर. याच्यापेक्षा लांब जायचं म्हटलं तर माणूस परत जवळ यायला लागतो."

"साहेब, मी विचारलं ते..."

"हो." ते खुर्चीत येऊन बसले. "मशीन काढलं की श्वास थांबेल. मेंदूत काही उरलेलं नाही असं तिथले डॉक्टर म्हणतात. घरचं कोणी येऊन बघेल, निरोप घेईल, मग ते काढतील. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही फक्त 'गंभीर जखमी' एवढंच कळवलंय."

दिगंबर शिवलकर माझा थोरला भाऊ. मालवाहू जहाजावर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. पुन्ता अरेनासजवळच्या सामुद्रधुनीत वाऱ्यात जहाज धक्क्याला बांधताना दोर तुटला आणि त्याचं टोक दादाच्या डोक्यात बसलं. जहाज त्याला तिथल्या इस्पितळात ठेवून पुढे गेलं. जहाज थांबत नसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

घरात पासपोर्ट एकट्या माझ्याकडे होता. पूर्वी मस्कतच्या एका नोकरीसाठी दादानेच तो काढायला लावला होता. नोकरी काही झाली नाही. मी जयगडच्या बर्फाच्या कारखान्यात मशीनवर राहिलो आणि पासपोर्ट कपाटात कोराच राहिला. व्हिसासाठी कंपनीने कुठे कुठे शब्द टाकला आणि तीन दिवसांत तो हातात आला.

घरी आई आणि वहिनी. दादाला मूलबाळ नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्यातली घरी काढलेली वर्षं मोजली तर तीन-चारच भरली असती. घरी आला की इंजिनाच्या आवाजाशिवाय त्याला झोप येत नसे. ऐन थंडीत तो खडखडणारा टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावून ठेवायचा, आणि वहिनी वर गोधडी घेऊन निमूट झोपायची.

मी घरी येऊन दोघींना सांगितलं, "बेशुद्ध आहे. डॉक्टर प्रयत्न करतायत. मी जाऊन बघतो."

आईने तिळाच्या वड्यांचा डबा माझ्या पिशवीत घातला. संक्रांत नुकतीच झाली होती.

"शुद्धीवर आला की दे त्याला," ती म्हणाली. "मऊ केल्यात. चावायला त्रास नाही व्हायचा."

मी तो डबा घेतला.

दुबईहून मी घरी फोन केला. कंपनीने बाहेरदेशी चालणारा मोबाइल दिला होता. आईनेच उचलला.

"पोचलास?"

"नाही गं आई. हा पहिलाच थांबा."

"मग अजून किती राहिलंय?"

"पुष्कळ."

"विमानात झोप लागली का तुला?" तिने विचारलं. मग वहिनीला हाक मारली, पण वहिनी फोनवर आली नाही.

दुबईपुढचा प्रवास मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतो. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा होता आणि त्यावर नकाशा. नकाशात एक पांढरं विमान मुंगीसारखं सरकत होतं आणि खाली आकडे होते, राहिलेले किलोमीटर, राहिलेले तास. सुरुवातीला मी ते आकडे कधी कमी होतात याची वाट बघत होतो. विमान अरबस्तान सोडून आफ्रिकेवर आलं, मग पलीकडचा समुद्र लागला. त्या समुद्रावर कधीतरी माझ्या डोक्यात ते आलं. मी पोचेपर्यंत तो आहे. म्हणजे पडद्यावर जे उरलंय, तेवढाच तो उरलाय.

मी पडदा बंद केला. पण शेजारच्या माणसाचा चालू होता, आणि माझी नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

साव पावलोत विमान बदललं. सांतियागोला उतरलो तेव्हा तिथे संध्याकाळ होती. तपासणीच्या टेबलावर एका बाईने माझी पिशवी उघडली आणि डब्याचं झाकण काढलं. तीळ बघून तिने मान हलवली. त्या देशात कसलंही बियाणं आत नेता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

"माझ्या भावासाठी आहे," मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो. "भाऊ इस्पितळात आहे."

तिला ते कळलं असावं. तिने हातमोजा काढला आणि माझ्या मनगटावर क्षणभर हात ठेवला. मग हातमोजा पुन्हा चढवून तिने वड्या बाजूच्या पेटीत ओतल्या आणि रिकामा डबा मला परत दिला.

रात्र कंपनीने ठरवलेल्या हॉटेलात काढली आणि सकाळी पुन्हा विमानतळावर आलो. आता एकच विमान राहिलं होतं. बोर्डिंग पास हातात होता आणि माणसं रांगेत उभी राहायला लागली होती. तेवढ्यात फोन वाजला. घरी तेव्हा दुपार कलली असणार.

"भाऊजी," वहिनी म्हणाली. "कुठे आहात?"

"सांतियागोला. आता शेवटचं विमान."

"किती तास?"

"साडेतीन. मग तिथून इस्पितळ. बंदराचा एजंट गाडी घेऊन येणार आहे."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"साखरतर गावच्या स्वयंपाक्याच्या बायकोचा फोन आला होता," ती म्हणाली. "जहाजावर यांच्याबरोबर होता ना तो. त्याने बायकोला सगळं सांगितलंय. मशीनचं. तुम्ही पोचलात की काढणार ते."

मी रांगेतून बाजूला झालो.

"भाऊजी, खरं आहे का?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मुंबईला सांगितलं त्यांनी. मला तुम्हा दोघींना तोंडावर सांगवेना. वाटलं, तिथे गेल्यावर..."

"ते राहू दे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "पुढचं विमान कधी आहे?"

"कसलं पुढचं?"

"तिथे जाणारं. हे सोडलं तर दुसरं आहे ना?"

मी वर विमानांच्या वेळांच्या फळ्याकडे पाहिलं. "आहे. दुपारी एकच्या सुमाराला."

"मग त्याने जा."

"वहिनी, त्याने काय होणार आहे? डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टर काय म्हणतात ते मला कळलंय. मी त्यांना बरं करा म्हणत नाही. तुम्ही या विमानात बसू नका एवढंच म्हणतेय. माझ्यासाठी एवढं करा."

"आईशी बोलू का?"

"आईंना अजून काही माहीत नाही. त्यांना रात्री सांगेन मी." ती म्हणाली. "भाऊजी, मी आजवर तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

ते खरं होतं. त्या घरात तिने कोणाकडेच कधी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

"बरं," मी म्हणालो.

रांग संपली. काउंटरवरच्या मुलीने माझं नाव दोनदा पुकारलं. तिच्या तोंडी आमचं आडनाव काहीतरी भलतंच झालं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं. मी दहा पावलांवर खांबाशी उभा होतो. मग तिने दार लावून घेतलं आणि थोड्या वेळाने विमान काचेपलीकडून मागे सरकलं.

पोटात दुखत होतं असं सांगून मी दुसऱ्या विमानाचा पास घेतला. मग एका खुर्चीत बसून राहिलो. काय केलं आपण, आणि कशासाठी, हे मला कळत नव्हतं. वाटत होतं, बाईमाणूस आहे, तिला नवरा आणखी थोडा वेळ हवाय, एवढंच असेल. मग वाटायचं, तो तिथे एकटा पडलाय आणि मी इथे बसलोय. कोणीतरी त्याच्याजवळ असायला हवं होतं. दोनदा उठलो आणि परत बसलो. समोर एक लहान मूल जमिनीवर गाडी फिरवत होतं आणि त्याची आई त्याला एकेक बिस्किट भरवत होती. भूक लागलीय हे मला फार उशिरा लक्षात आलं. मी काही घेतलं नाही.

दुपारच्या विमानात खिडकीची जागा मिळाली. खाली पहिल्यांदा पिवळी जमीन होती, मग बर्फाचे डोंगर, मग पाण्याचे फाटे शिरलेली बेटं. दादा या पाण्यातून कितीदा गेला असेल. घरी आल्यावर तो या जागांबद्दल काहीच सांगायचा नाही. "वारा फार असतो," एवढंच म्हणायचा.

उतरलो तेव्हा खरंच वारा होता. उन्हाळा असूनही माणसं कोट घालून चालत होती. माझं नाव लिहिलेला पुठ्ठा धरून एक म्हातारा उभा होता, डोक्याला लोकरीची टोपी. बंदराचा एजंट, इबान्येस. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं, त्यामुळे आमचं बोलणं सोपं गेलं.

"मी सकाळीही आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही नव्हता."

"विमान सुटलं."

त्याने टोपी काढून हातात घेतली. तेव्हाच मला समजलं.

"आज पहाटे," तो म्हणाला. "मशीन चालू होतं. कोणी बंद केलं नाही. हृदय आपणच थांबलं. मला इस्पितळातून उजाडताना फोन आला. मुंबईला मी अजून कळवलेलं नाही. म्हटलं, भाऊ येतोय, आधी त्याला तोंडाने सांगावं."

"पहाटे म्हणजे? सूर्य उगवायच्या आधी?"

"आधी. अंधार होता."

म्हणजे सांतियागोला मी हॉटेलात झोपलो होतो. वहिनीचा फोन यायच्या कितीतरी आधी. घरी तेव्हा दुपार असणार, जेवणाची वेळ. मी सकाळचं विमान घेतलं असतं काय आणि दुपारचं घेतलं काय, काहीच फरक पडणार नव्हता.

इस्पितळ लहान आणि स्वच्छ होतं. त्यांनी मला तळमजल्यावरच्या एका गार खोलीत नेलं. दादाला धुऊन पांढऱ्या चादरीत ठेवलं होतं. डोक्याला पट्टी होती, पण पुढचे केस कोणीतरी विंचरले होते. भांग उजवीकडे पाडला होता. दादा डावीकडे पाडायचा. मी बोटांनी भांग बदलायला लागलो, पण केस ओले होते, नीट बसेनात. नर्सने खिशातून कंगवा काढून दिला. मग जमलं. त्याचा हात हातात घेतला. आमच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या उचलून उचलून मला गार लागणं कळेनासं झालंय असं लोक म्हणतात. तो गारवा मला कळला.

किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. इबान्येस दारात उभा होता. शेवटी तोच म्हणाला, "घरी?" आणि कानाशी हात नेऊन फोनची खूण केली.

घरी मध्यरात्र उलटून गेली होती. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. वहिनी होती.

"पोचलात?"

मी तोंड उघडलं तेव्हा पहाटेचंच सांगणार होतो. त्या दोघी अंधारात फोनपाशी बसलेल्या मला दिसल्या. आणि हे दिसलं की दोघी उरलेलं आयुष्य एकच गोष्ट धरून बसतील, तो परक्या मुलखात कोणीही जवळ नसताना गेला.

"पोचलो," मी म्हणालो. "मी आत्ता त्याच्याजवळ आहे."

"आहेत?"

"श्वास चालू आहे. मशीनवर. डॉक्टर आलेत." मी दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे वळलो. "आता काढणार आहेत."

"आईंना सांगितलंय मी," ती म्हणाली. "त्यांना बोलायचंय."

आई फोनवर आली. ती रडत नव्हती. तिने मला फोन दादाच्या कानाशी धरायला सांगितलं. मी धरला. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. नुसता बारीक आवाज येत होता, मधे थांबत, पुन्हा सुरू होत. तो थांबल्यावर मी फोन परत माझ्या कानाशी नेला.

"हात धरलायस ना त्याचा?" आईने विचारलं.

"धरलाय."

"गरम आहे?"

"हो आई. गरम आहे."

थोड्या वेळाने मी पुन्हा फोन केला आणि तो गेल्याचं सांगितलं.

इबान्येसला आमच्या भाषेतलं काही कळत नव्हतं, पण त्याला सगळं समजलं असावं. मुंबईला कळवताना त्याने फक्त तारीख लिहिली. इस्पितळाचे कागद स्पॅनिशमध्ये होते आणि आमच्याकडे ते कोणी वाचणार नव्हतं.

अग्नी तिथेच दिला. अस्थी घेऊन तोच सगळा रस्ता उलटा आलो. या खेपेला नकाशाचा पडदा मी लावलाच नाही.

यानंतरचं वर्ष सरळ गेलं असं म्हणता येणार नाही, पण गेलं. वहिनी माहेरी गेली नाही. आईच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, घरचं सगळं तीच बघायची. पुढच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. मी कारखान्यातून दुपारी घरी आलो होतो. वहिनी पडवीत सुपात कुळीथ निवडत बसली होती. समोरच्या रस्त्याने वाडीतल्या बायका नटूनथटून, हातात पिशव्या घेऊन चालल्या होत्या. आमच्या घरावरून जाताना त्यांच्यातल्या दोघी-तिघींनी आवाज खाली आणला. आमच्याकडे कोणी वळलं नाही.

"आज रथसप्तमी," वहिनी म्हणाली. "आज संपतं हळदीकुंकू."

मी पायरीवर बसलो.

"मागल्या वर्षी रथसप्तमीला आपल्याकडे होतं," ती म्हणाली. "तुम्ही तिकडे होतात तेव्हा."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. बोलावणं आधीच गेलं होतं. वाणाला वाट्या यांनी जहाजावर जाताना सांगितलेल्याच आणल्या होत्या. आई म्हणाल्या, या वर्षी नको, दिगू असा आहे. मी म्हटलं, त्यांच्यासाठीच करू. आईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं, मी त्यांच्या आयुष्यासाठी करतेय. बायकांनाही तसंच वाटलं. सगळ्या म्हणत होत्या, होईल गं बरा, तू काळजी करू नकोस."

तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"साखरतरचा फोन त्या दिवशी दुपारी आला. मी हिशेब केला. तुम्ही सकाळच्या विमानाने गेलात तर ऐन बायका घरात असताना तुमचा फोन येणार. मग तुम्हाला थांबवलं. अंघोळ केली. लग्नातला शालू नेसले. चौदा वर्षांत दोनदाच नेसले होते, ते क्वचितच घरी असायचे म्हणून."

आतल्या खोलीत आई खोकली. वहिनीने तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला.

"आई त्या दिवशी आतच बसून होत्या. त्यांना बाहेर यायचं नसतंच ना. आता मीही आतच. मला हे माहीत होतं, भाऊजी. म्हणून मी एकेकीला नीट बघत होते. कोण कुंकू कसं लावतं, कोणाचा हात थरथरतो. वाडीतल्या सगळ्या आल्या. शेवटी गुरवीण आली, तिला देवळात उशीर झाला होता. ती लावून गेली आणि मी दार लोटलं. मग आईंना सांगितलं."

बायका वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या होत्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज मात्र अजून येत होता.

"कोणाला फसवलं नाही ना मी?" ती म्हणाली. "तेवढंच मनात राहतं. गुरवीण गेली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तुम्ही पोचला नव्हता अजून. तेव्हा ते होते ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने सूप खाली ठेवलं होतं आणि ती थेट माझ्याकडे बघत होती.

"होते," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं.